आक्षीच्या वाळूवर एक दिवस

पक्षी पाहणे हा कामाधामाच्या माणसाचा उद्योग नव्हे, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. आम्ही पडलो मराठीचे शिक्षक. आमच्या ओळखीचे पक्षी म्हणजे दमयंतीकडे निरोप घेऊन जाणारा हंस, चांदणे पिऊन राहणारा चकोर आणि मेघाकडे चोच वासून बसलेला चातक. हे पक्षी पाहावयाचे तर पहाटे उठावे लागत नाही, की ओल्या वाळूत चालावे लागत नाही. ते पुस्तकात स्वस्थ बसून असतात. उडालेच तर परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या डोक्यातून तेवढे उडतात.

अशा माणसाच्या गळ्यात पक्ष्यांची वही पडली ती अशी. आम्ही ह्याच शाळेत विद्यार्थी असताना आम्हांस भूगोल शिकविणारे एक सर होते. दर जानेवारीत ते आठ-दहा मुलांस घेऊन अलिबागजवळच्या आक्षी गावी जात, दिवसभर समुद्रकिनारी पक्षी पाहत आणि त्यांची नोंद एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवीत. सेवानिवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती वही आमच्या हाती दिली. आम्ही चकित होऊन म्हणालो, "सर, हे काम विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावयाचे. आम्हांस कावळा आणि कोकिळा यांतील फरकदेखील धड सांगता यावयाचा नाही." सर म्हणाले, "पक्ष्याचे नाव पुस्तकात सापडेल. शब्द जपून लिहिणारा माणूस मला हवा आहे. तू मराठी शिकवितोस. तुला ते जमेल." एवढ्या विश्वासापुढे नाही म्हणण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

त्या वहीच्या प्रत्येक पानावर सरांनी तीन रकाने आखलेले आहेत. पहिल्याचे नाव 'पाहिले', दुसऱ्याचे 'ऐकले' आणि तिसऱ्याचे 'वाटले'. जो पक्षी डोळ्यांनी पाहिला आणि ज्याची ओळख निःसंशय पटली, तो पहिल्या रकान्यात. ज्याचा केवळ आवाज आला, तो दुसऱ्यात. जो अमुक असावा असे मनात आले, परंतु खूण पटली नाही, तो तिसऱ्यात. प्रथम आम्हांस हा तिसरा रकाना म्हणजे भूगोलाच्या शिक्षकाची एक लहर वाटली. तो किती शहाणपणाचा आहे, हे कळण्यास आम्हांस यंदाचा जानेवारी उजाडावा लागला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढील हकीकत समजणार नाही. बावीस वर्षे आक्षीस जाऊनही सरांना एक पक्षी कधी दिसला नाही. तो म्हणजे कालवफोड्या. अंगाने कोंबडीहून लहान, पाठ व डोके काळे, पोट पांढरे शुभ्र, पंखावर रुंद पांढरी पट्टी, आणि चोच लांब, सरळ, गाजरासारखी नारिंगी. या चोचीने तो शिंपल्या उघडून आतील जीव खातो. त्यावरून त्याचे नाव पडले. हिवाळ्यात तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर थोड्या संख्येने येतो, आणि आक्षीसही इतरांनी तो पाहिलेला आहे. सरांचीच तेवढी आणि त्याची गाठ पडली नाही. आता सर ऐंशीच्या घरात आहेत. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी बहुतेक गेली आहे. तरीही दर जानेवारीत आम्ही भेटीस गेलो, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कालवफोड्या दिसला का रे?" आणि दर वर्षी आम्ही "नाही" म्हणतो. यंदा हे "नाही" सांगावयाचे नाही, असा आम्ही मनाशी निश्चय केला होता. पक्षी काही आमच्या निश्चयाने बांधलेला नव्हता, हे मात्र आमच्या ध्यानात राहिले नाही.

दिवस ठरविताना आम्ही सरांनी शिकविलेला हिशेब केला. हा हिशेब कोकणात जुना आहे. तिथीची पाऊणपट केली, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ सुमाराने निघते. तेथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शनिवार, २४ जानेवारी २०२६ रोजी माघ शुद्ध षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास भरती, पावणेअकराच्या सुमारास ओहोटी, आणि मग सायंकाळपर्यंत चढते पाणी. किनाऱ्यावरील पक्ष्यांचे घड्याळ सूर्यावर चालत नाही, पाण्यावर चालते. वाळू उघडी पडली, की त्यांचे जेवणाचे पान वाढले जाते. पाणी चढले, की पान उचलले जाते. म्हणून पक्षी पाहणाऱ्याने पंचांग पाहून निघावे. चूक एवढीच झाली, की पंचांग पाहताना आम्ही सरकारी सुट्ट्यांकडे पाहिले नाही. पुढे रविवार, त्यापुढे सोमवारी प्रजासत्ताक दिन. तीन दिवस जोडून सुट्टी आल्याने सारी मुंबई जणू अलिबागेस निघाली होती.

नववीची अकरा मुले-मुली, आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाई आणि आम्ही, असे तेरा जण गेटवेहून सकाळच्या लाँचने निघालो. मांडव्याचा हा जलप्रवास तासाभराचा. लाँचने धक्का सोडला, तोच कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागला. मुलांचा आनंद गगनात मावेना. काही उतारू गाठ्या उधळीत होते आणि पक्षी त्या वरच्या वर झेलीत होते. आमच्या एका विद्यार्थ्यानेही खिशातून पुडी काढली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तळलेले व खारवलेले त्यांचे अन्न नव्हे. आपल्याला गंमत वाटते, म्हणून त्यांच्या पोटात ते कशाला?" पुडी निमूटपणे खिशात परत गेली.

त्या थव्यात दोन जातींचे कुरव होते, आणि तेथेच आमची पहिली परीक्षा झाली. एका जातीस तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात, दुसरीस काळ्या डोक्याचा. परंतु हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरेच! डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. डोक्याचा रंग येतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, परत जाण्याच्या सुमारास. मग ओळखावे कसे? तपकिरीच्या पंखाचे टोक काळे असून त्यात पांढरे डाग असतात आणि त्याचा डोळा फिकट असतो. दुसऱ्याच्या पंखाची पुढील कड पांढरी व डोळा गडद. "म्हणजे नावावर विश्वास ठेवावयाचा नाही," एक मुलगा म्हणाला. आम्ही त्यास शाबासकी दिली. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांकाठी अंडी घालतो आणि हिवाळा काढावयास समुद्रसपाटीस येतो, हे सांगताच मुलांनी त्या पांढऱ्या पाहुण्यांकडे निराळ्याच आदराने पाहिले.

वही सांभाळण्याचे काम आम्ही एका मुलीकडे दिले होते. अक्षर सुरेख, बोलणे कमी, आणि विचारल्याखेरीज उत्तर न देण्याची सवय. वर्गात आम्ही तिला मंद नव्हे, पण भित्री समजत आलो होतो. तिने दोन्ही कुरव शाईने पहिल्या रकान्यात लिहिले. मात्र दुसरा लिहिण्यापूर्वी पाच मिनिटे ती कठड्याशी उभी राहून त्याच्या पंखाची कड पाहत होती.

मांडव्याहून अलिबागेस जाणाऱ्या वीस-एक किलोमीटरच्या रस्त्यात चोंढीच्या बाजूस किहीमचा फाटा लागतो. तेथे मोटार आली, तेव्हा आम्ही मुलांस डॉ. सलीम अली यांची हकीकत सांगितली. सलीम अली (१८९६–१९८७) हे १९३० साली जर्मनीतील अभ्यास संपवून परत आले, तो त्यांची पूर्वीची नोकरी उरली नव्हती. ते किहीमला येऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रिकामा वेळ भरपूर. त्यांनी महिनोन्‌महिने त्या घरट्यांकडे पाहिले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पुरे करतो. आणि पहिली मादी अंड्यांवर बसली, की हे महाशय दुसरे घरटे विणावयास घेतात व दुसऱ्या मादीची वाट पाहतात. ही सारी रीत त्यांनी प्रत्यक्ष पाहून लिहिली, आणि १९३१ साली ती प्रसिद्ध झाली. सुगरणीची घरटी त्यापूर्वी हजारो लोकांनी पाहिली होती. पण बसून, धीराने, आपल्या मनातले त्यात न मिसळता कोणी पाहिली नव्हती. हे वाक्य आम्ही मोठ्या ठसक्यात उच्चारले. मनुष्य दुसऱ्यास जो उपदेश सकाळी करतो, तो त्याच्या स्वतःच्या उपयोगी दुपारपर्यंतही पडत नाही, याचा प्रत्यय लौकरच यावयाचा होता.

अलिबागच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर आक्षी. एका अंगास खाडी, मासेमारीच्या होड्या, वाळत घातलेल्या मासळीचा दर्प. दुसऱ्या अंगास सुरूचे बन आणि त्यापलीकडे सपाट, करडी वाळू. गावाची दुसरी कीर्ती शिलालेखाची. येथील शिलालेखातील काल अभ्यासकांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला असून तो मराठीतील अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक समजला जातो. त्या वाचनाविषयी मतभेदही आहेत. आम्ही मुलांस म्हणालो, "पाहा, एकदा लिहिलेले हजार वर्षे राहते, आणि हजार वर्षांनंतरही लोक विचारतात, की नेमके काय लिहिले आहे? म्हणून लिहिताना जपावे." हाही उपदेशच. त्या सकाळी आम्हांस उपदेशाचा जणू झराच फुटला होता.

किनाऱ्यावर पोहोचलो तो दहा वाजले होते. पाणी दूर गेले होते आणि ओल्या वाळूवर जिकडेतिकडे जीव हालचाल करीत होते. प्रथम नुसते ठिपके दिसले. दुर्बीण डोळ्यांस लावली, तेव्हा ठिपक्यांस पाय फुटले. लहान चिखल्या चार पावले धावे, थबके, वाळूत टोच मारी, पुन्हा चार पावले धावे. लाटेच्या कडेशी पांढुरके तुतवार पक्षी खेळण्यातील चावीच्या बाहुल्यांसारखे पुढे-मागे पळत. लाट मागे सरे, तसे ते तिच्यामागून, लाट पुढे येई, तसे ते तिच्यापुढून. काळसर समुद्री बगळा एका डबक्यात पंख अर्धे पसरून उभा होता. वर ब्राह्मणी घार आपल्या तांबूस पंखांनी गिरक्या घेत होती. मुलांनी दहा-दहाचे गट करून मोजावयास सुरुवात केली. पाणपक्ष्यांची अशी गणना १९८७ सालापासून आशियातील अनेक देशांत दर जानेवारीत होत असते. आमची वही तिच्यापुढे अगदी लहान, पण पद्धत तीच.

बाईंनी एका चिखल्याकडे बोट दाखवून सांगितले, "ह्याचे वजन साठेक ग्रॅम. ह्याचे भाईबंद लडाख-तिबेटच्या पठारावर अंडी घालतात. मार्च-एप्रिलात हा हिमालय ओलांडून परत जाईल. तेवढ्या प्रवासाची चरबी त्याला येथेच, ह्या वाळूतील किड्यांवर आणि बारीक खेकड्यांवर साठवावयाची आहे. आणि वाळू उघडी असते ती दिवसातून थोडे तास. आपण त्याला एकदा उडविले, की त्याचे जेवण थांबते आणि साठविलेले थोडे खर्चही होते." इतक्यात चार जाड चाकांची एक फटफटी दोन तरुण उतारूंस घेऊन पाण्याच्या कडेने भरधाव गेली, आणि सारा किनारा भुर्रकन आकाशात उडाला. आम्ही त्या तरुणांविषयी चार कठोर शब्द बोललो. मुलांनी माना डोलाविल्या.

त्यानंतर दहा मिनिटांनी ती गोष्ट घडली.

दूर, खाडीच्या मुखाच्या बाजूस, पाण्याच्या अगदी कडेवर एक पक्षी एकटाच उभा होता. काळा आणि पांढरा. आमच्या छातीत धस्स झाले. दुर्बिणीतून उन्हाच्या झळा हलत होत्या. पाठ काळी दिसली, पोट पांढरे दिसले. चोच पाण्याकडे होती. आमच्या डोळ्यांपुढे पक्षी उभा होता, की सरांचा चेहरा उभा होता, हे आज आम्हांस शपथेवर सांगता येणार नाही. "कालवफोड्या!" असे ओरडून आम्ही निघालो ते जवळजवळ धावतच. मागून अकरा मुले धावली. आम्ही शंभर पावलांवर आलो असू, तोच पक्षी उडाला, खाडीवरून वळला आणि पलीकडच्या खारफुटीआड दिसेनासा झाला. त्याबरोबर वाटेतले दोन-तीनशे चिखल्या व तुतवारही उडाले. त्यांकडे आमचे लक्षही नव्हते.

"लिही," आम्ही धापा टाकीत त्या मुलीस म्हणालो. "कालवफोड्या, संख्या एक. पहिल्या रकान्यात."

ती वही उघडून उभी राहिली. लिहीना.

"काय झाले?"

"सर," ती हळूच म्हणाली, "चोच दिसली नाही."

"आम्हांस दिसली."

"पंखावरची पांढरी पट्टी दिसली का, सर? शेकाट्याही काळा-पांढराच असतो. सकाळी पुस्तकात पाहिला."

प्रश्न सरळ होता. पट्टी आम्हांस दिसली नव्हती. खरे म्हणजे चोचीचा रंगही दिसला नव्हता. दिसावा असे फार वाटले होते, एवढेच. परंतु अकरा मुलांपुढे, बाईंपुढे, चाळिशी उलटलेल्या शिक्षकास नववीतील मुलीने खूण विचारावी! आमचा आवाज चढला. "आम्ही सांगतो ना? लिही." तिने मान खाली घालून लिहिले. बाई काही बोलल्या नाहीत; त्या समुद्राकडे पाहत राहिल्या. त्यांचे ते पाहणे आम्हांस आवडले नाही.

दुपारी सुरूंच्या सावलीत भाकरी-चटणी व उकडलेली अंडी खाऊन झाली, तरी मन प्रसन्न नव्हते. पाणी चढू लागले होते. तो पक्षी पुन्हा दिसावा, म्हणजे सारा प्रश्नच मिटेल, या आशेने आम्ही पुन्हा पाण्याकडे निघालो. वाटेत एक वयस्क कोळीण टोपली खाली ठेवून विसावली होती. सकाळपासून आमची धावपळ तिने पाहिली असावी. ती हसून म्हणाली, "मास्तर, पाखरांच्या मागं किती धावाल? हितं वर बसून र्‍हावा गुमान. पानी चढलं, की तीच येतील तुमच्याकडं."

आम्ही म्हटले, "मावशी, एक काळा-पांढरा पक्षी शोधतो आहोत."

"शोधून कुठं मिळतंय काय?" ती म्हणाली. "आमी जाळं टाकतो नि बसतो." टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

विद्यापीठाची पदवी आणि वीस वर्षांची नोकरी पदरी असूनही हे आम्हांस सुचले नव्हते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, आम्ही सारे तेराजण ओळीने बसलो. मुलांस सांगितले, की बोलावयाचे नाही, उठावयाचे नाही, हात उंचावावयाचा नाही. प्रथम दहा मिनिटे काहीच घडले नाही. मग पाणी एक हात वर आले, आणि त्याबरोबर पक्षीही एक हात वर आले. पाणी त्यांस हळूहळू आमच्याकडे ढकलीत होते. अर्ध्या तासात चिखल्यांचा थवा आमच्यापासून वीस पावलांवर येऊन पोहोचला. दुर्बीण लागेना, इतके जवळ! त्यांचे काळे टपोरे डोळे दिसत होते, वाळूतून ओढून काढलेला किडा दिसत होता, त्यांच्या पायांचे ठसे दिसत होते. काही पक्षी एका पायावर उभे राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसून निजले. ज्या मुलास वर्गात पाच मिनिटे स्वस्थ बसवत नाही, तो तेथे पाऊण तास श्वास रोखल्यासारखा बसून होता.

त्यांच्या मागून लांब, किंचित वर वळलेल्या चोचीचे दोन पक्षी आले. थोडे उडून पुन्हा बसताना एकाच्या शेपटीवरील पट्टे स्पष्ट दिसले. पट्टेरी शेपटीचे पाणटिवळे. बाईंनी कुजबुजत सांगितले, की याच जातीच्या, अलास्कात जन्मलेल्या पाचएक महिन्यांच्या एका पिलास शास्त्रज्ञांनी छोटे यंत्र बसविले होते. २०२२ साली ते अकरा दिवस कोठेही न उतरता उडत राहिले आणि सुमारे १३,५६० किलोमीटर समुद्र ओलांडून टास्मानियास पोहोचले. खाणे नाही, पिणे नाही, खाली विसाव्यास भूमी नाही. मुलांच्या डोळ्यांत आश्चर्य मावेना. आमच्या मनात मात्र निराळेच आले. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठविलेली चरबी ही त्याची सारी शिदोरी. आणि सकाळी आम्ही एका नावाच्या हव्यासाने अशा तीनशे जिवांच्या शिदोरीस हात घालून आलो होतो. त्या फटफटीवरील तरुणांस निदान ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक होते.

चार वाजता आम्ही किनारा सोडला. तो काळा-पांढरा पक्षी पुन्हा आला नाही.

परतीच्या लाँचवर मुले पेंगू लागली. सूर्य मावळत होता. कुरव पुन्हा मागे लागले होते. आम्ही वही मागून घेतली आणि दिव्याखाली उघडली. तेवीस नावे. सुवाच्य अक्षर, निळी शाई, समोर संख्या. पाहता पाहता बोट एका ओळीवर थांबले. 'कालवफोड्या – १.' रकाना पहिला. आज्ञा पाळली होती. पण ती एकच ओळ शिसपेन्सिलीने लिहिलेली होती.

आम्ही त्या मुलीकडे पाहिले. ती कठड्याला टेकून झोपी गेली होती. भित्री, असे आम्ही तिला समजत आलो होतो. तिने आमची आज्ञा मोडली नाही आणि खोट्यावर शाईही घातली नाही. तिने एक जागा मोकळी ठेवली होती. ती आमच्यासाठी होती. त्या क्षणी आम्हांस जी लाज वाटली, ती पुष्कळ वर्षांत वाटली नव्हती. शब्द जपून लिहिणारा म्हणून ज्यास वही दिली, त्यानेच एका वृद्धास आनंद देण्याच्या निमित्ताने ती खोटी करावयास घेतली होती. निमित्त चांगले होते, यात शंका नाही. बहुतेक खोट्या नोंदी चांगल्याच निमित्ताने होत असाव्यात.

मुलगी जागी झाल्यावर तिच्याकडून खोडरबर मागून घेतले, सर्वांदेखत ती ओळ पुसली, आणि आमच्या लेखणीने तिसऱ्या रकान्यात लिहिले : 'काळा-पांढरा पक्षी, एक. कालवफोड्या असावा असे वाटले. चोच व पंखावरची पट्टी पाहिली नाही. जवळ धावत गेल्यामुळे उडाला.' खाली सही केली. मग मुलीस म्हणालो, "सकाळी आमचे चुकले." ती संकोचून म्हणाली, "नाही, सर." बाई मात्र म्हणाल्या, "चुकलेच होते." यावर सारी लाँच हसली, आणि आम्हीही हसलो, दिवसभरातील आमचे ते पहिले मोकळे हसणे होते.

दुसऱ्या दिवशी रविवारची उपासना आटोपून आम्ही सरांकडे गेलो. ते खिडकीशी बसले होते. पावलांवरून त्यांनी आम्हांस ओळखले आणि ठरलेला प्रश्न केला. आम्ही सारी हकीकत सांगितली. धावणे, ओरडणे, पेन्सिल, खोडरबर, काही लपविले नाही. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या वेळची पाने काढ. तिसरा रकाना वाच."

आम्ही वाचू लागलो. बावीस वर्षांच्या पानांत तिसऱ्या रकान्यात 'कालवफोड्या' हे नाव पाच वेळा होते. 'असावा असे वाटले.' 'उन्हामुळे खात्री नाही.' 'चोच दिसली नाही.' ही पाने आमच्याकडे इतकी वर्षे होती. आम्ही पहिल्या रकान्यापलीकडे कधी वाचले नव्हते.

"पाच वेळा पहिल्या रकान्यात लिहावयास हात गेला होता," सर म्हणाले. "म्हणून तर तो तिसरा आखला. स्वतःसाठीच." आणि थोड्या वेळाने, "त्या मुलीला सांग, वही पुढच्या वर्षीही तिच्याकडेच असू दे."

विद्यार्थिमित्रहो, येत्या जानेवारीत आक्षीस ज्यांना यावयाचे असेल, त्यांनी आपली नावे वही सांभाळणाऱ्या त्या मुलीकडे द्यावीत; ती तेव्हा दहावीत असेल, आणि दिवस तिथी पाहून तीच ठरवील. बरोबर भाकरी, पाण्याची बाटली व टोपी आणावी. मातकट रंगाचे कपडे घालावेत. धावण्याचे बूट आणण्याचे कारण नाही. आम्ही भरतीच्या रेषेवर बसून राहणार आहोत.